सायगावची मुलगी की बंगळुरूचा रवी?

थान्हा लाय यांची ‘इनसाइड आउट अँड बॅक अगेन’ (2011) आणि सारा वीक्स व गीता वरदराजन यांची ‘सेव्ह मी अ सीट’ (2016) या दोन्ही बालकादंबऱ्या अमेरिकेतील नव्या शाळेत बावरलेल्या मुलांच्या आहेत. मात्र पहिलीतील दहा वर्षांची मुलगी 1975 मध्ये युद्धामुळे व्हिएतनाममधील सायगाव सोडून अलाबामात येते, तर दुसरीतला रवी कुटुंबासह बंगळुरूहून न्यू जर्सीला.

मुक्तछंदातील पहिल्या कादंबरीत एक प्रसंग काळजाला घरे पाडतो: वीसपर्यंत आकडे म्हटल्याबद्दल वर्ग टाळ्या वाजवतो आणि अपूर्णांक शिकून आलेली ती मुलगी, सांगायला शब्दच नसल्यामुळे, आतल्या आत धुमसत राहते. रवीला इंग्रजी उत्तम येते, तरी बाईंना त्याचे उच्चार कळत नाहीत आणि नावही धड घेता येत नाही. शिवाय जुन्या शाळेत आपणही एका मुलाची टर उडवली होती, हे त्याला उमगते, आणि हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो.

परदेशी निघालेल्या मराठी घरातील पाचवीच्या मुलाच्या हाती मी आधी रवीच देईन. लाय यांचे पुस्तक मात्र आईबाबांनी शेजारी बसून मोठ्याने वाचावे, कारण त्यातले पुष्कळसे दुःख दोन ओळींमधल्या थांब्यात आहे.