कुशादासीची शोअर एक्सकर्शन: इफेसस आणि मेरीमातेचं घर, काही महिन्यांनंतर

क्रूझच्या बोटीवर परतल्या परतल्या मत विचारलं असतं, तर पाचपैकी पाच दिले असते. आता काही महिने गेलेत, उत्साह ओसरलाय आणि फोटो अनेकदा बघून झालेत. आज गाईडला पाच देईन, आखणीला मात्र तीनच.

शोअर एक्सकर्शन, म्हणजे बोट बंदरात थांबलेली असताना करायची ही सहल नेहमीचीच, अर्ध्या दिवसाची. तुर्कस्तानातल्या कुशादासी बंदरातून बसने मेरीमातेचं घर, मग इफेसस या प्राचीन शहराचे अवशेष, अर्तेमिस या ग्रीक देवीचं मंदिर आणि परत बोट. क्रम चांगला होता. सकाळी आधी डोंगरावर गेल्यामुळे मेरीमातेच्या घरापाशी रांग लहान होती. पण त्यामुळे इफेससला पोचेपर्यंत ऊन चढलं, आणि तिथे सावली जवळपास नाहीच. टोपी आणि पाणी हवंच.

मेरीमातेचं घर म्हणजे झाडीतलं दगडी, अगदी छोटं देवघर. दोन मिनिटांत आतून बाहेर. आत फोटो काढायचे नाहीत, बोलायचं नाही. कथा मात्र विलक्षण आहे. कधीही इकडे न आलेल्या आना काथारिना एमेरिक या जर्मन जोगिणीला अंथरुणावर पडल्या पडल्या येशूच्या आईच्या, मेरीच्या, अखेरच्या घराचे दृष्टान्त झाले, ती गेली १८२४ साली, आणि त्या वर्णनाच्या आधारे १८९१ मध्ये इझमीरच्या पाद्र्यांनी ही जागा शोधली. हेच ते घर, असा निर्वाळा कॅथलिक चर्चने आजवर दिलेला नाही, तरी १९६७ पासून तीन पोप इथे येऊन गेले. गाईडने या दोन्ही गोष्टी सांगितल्या आणि ठरवायचं आमच्यावर सोडलं. कुराणात मरियमच्या, म्हणजे मेरीच्याच, नावाचा अध्याय आहे, त्यामुळे मुसलमान भाविकही येतात. खाली झऱ्याचे नळ आहेत आणि नवसाच्या चिठ्ठ्या बांधलेली भिंत. मला घरापेक्षा ती भिंत जास्त आठवते.

इफेससला वरच्या दाराने शिरून खालच्या दाराने बाहेर पडायचं, म्हणजे वाट बहुतेक उताराची. सोबतच्या ज्येष्ठांना ते बरं पडलं, पण संगमरवर पावलांनी घासून गुळगुळीत झालाय. चांगल्या पकडीचे बूट घाला, चपला नकोत. कानातल्या यंत्रामुळे गाईडचा आवाज गर्दीतही नीट येत होता.

सेल्सस ग्रंथालयापाशी सगळेच थांबतात. आपण बघतो ती दर्शनी भिंत १९७०च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पडलेले तुकडे जुळवून उभी केली. कोनाड्यांतल्या चार स्त्रीमूर्ती नकला आहेत, मूळ मूर्ती व्हिएन्नात. आणि हे नुसतं ग्रंथालय नाही, ज्याच्या स्मरणार्थ मुलाने ते बांधलं त्या सेल्ससची कबरही खालीच आहे. जवळच्या फरशीवर कोरलेलं पाऊल ही वेश्यागृहाची जाहिरात, हा किस्सा शेजारचा एक गाईड रंगवून सांगत होता. आमचा म्हणाला, "गोष्ट छान आहे, पुरावा नाही." तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

पण सगळ्यात जास्त टिकलं ते थिएटर. सुमारे पंचवीस हजार माणसं बसतील एवढं. गाईडने तिथे घाई केली नाही. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये'च्या एकोणिसाव्या अध्यायातला दंगा त्याने जागेवर उभं राहून सांगितला: अर्तेमिसचे चांदीचे देव्हारे घडवणारा देमेत्रिय, ख्रिस्ती धर्मप्रचारक पौलाच्या उपदेशाने धंदा बसेल म्हणून पेटलेले कारागीर, थिएटरात दोन तास चाललेला घोष, आणि शेवटी गर्दीला शांत करून घरी पाठवणारा शहराचा लेखनिक. समोर बंदराकडे जाणारा रुंद रस्ता दिसतो, पण त्याच्या टोकाला समुद्र नाही. नदीच्या गाळाने बंदर भरलं, किनारा काही किलोमीटर मागे सरला, आणि शहराचा व्यापारही गेला. फोटो बघताना बाकीचे खांब मला एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. हे दृश्य कुठलं, ते सांगावं लागत नाही.

म्हणूनच पुढचं खटकतं. ज्या देवीसाठी एवढा दंगा झाला तिच्या मंदिराला, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एकाला, आम्हाला बसमधून उतरून जेमतेम पाच मिनिटं मिळाली. दलदलीत तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे, त्यामुळे बरेच जण नाक मुरडतात. पण तिथे उभं राहून नजर वर न्या: खांबामागे १३७५ची ईसा बे मशीद, तिच्या वर टेकडीवर सम्राट जस्टिनियनने बांधलेल्या, येशूचा शिष्य संत योहानाच्या बॅसिलिकाचे, म्हणजे मोठ्या चर्चचे, अवशेष. योहानाची कबर म्हणून मानली जाणारी जागाही तिथेच. तीन धर्मांचा इतिहास एका नजरेत! आणि बॅसिलिका आम्ही पाहिली ती बसच्या काचेतून.

वेळ गेला कुठे? गालिच्यांच्या दुकानात. रेशमाचे धागे, सफरचंदाचा चहा, एकामागून एक उलगडले जाणारे गालिचे. विणकाम खरंच सुंदर, जबरदस्ती कोणी केली नाही, पण मंदिराच्या कितीतरी पट वेळ तिथे मोडला. कार्यक्रमपत्रिकेत ते 'हस्तकला प्रात्यक्षिक' म्हणून बारीक अक्षरात होतं.

पुन्हा गेलो तर दुकान नसलेली छोट्या गटाची सहल घेईन आणि इफेससमधल्या टेरेस हाऊसेसचं वेगळं तिकीट काढेन. छताखालची ती श्रीमंतांची घरं, भित्तिचित्रं आणि मोझेक आमच्या पॅकेजमध्ये नव्हते. आधीच बुक करणाऱ्यांनी "बॅसिलिकात आत नेता का, दुकानात किती वेळ?" हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. बोटीकडून घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट साधारणपणे थांबते, बाहेरून घेतलेल्या सहलीसाठी थांबत नाही. तेव्हा बाहेरची घेणार असाल तर परतीला चांगला तासभर हाताशी ठेवा. ऑक्टोबर संपताना ग्रीसकडून येणाऱ्यांनी घड्याळही तपासावं, कारण ग्रीसमध्ये घड्याळं तासभर मागे जातात, तुर्कस्तानात नाहीत, आणि बोट कुठल्या वेळेवर चालते हे उतरण्याआधी विचारलेलं बरं.