सेकंडहँड गॅलेक्सी वॉच ४ : काच नंतर बघा, आधी मॉडेल नंबर

कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीतल्या मोबाईलच्या दुकानांत सॅमसंगचं जुनं घड्याळ मागितलं की गिऱ्हाईक काचेवरचे चरे बघतं, पट्टा ओढून बघतं आणि भाव पाडायला लागतं. या घड्याळांचं आयुष्य ठरतं ते सॉफ्टवेअरवर, आणि ते कळतं मॉडेल नंबरावरून.

एसएम-आर८२० ते आर८५० म्हणजे गॅलेक्सी वॉच अ‍ॅक्टिव्ह २ आणि वॉच ३. ही टायझेनवर, म्हणजे सॅमसंगच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. त्यांच्यासाठीचं अ‍ॅप स्टोअर सॅमसंगनं टप्प्याटप्प्यानं गुंडाळलं : सप्टेंबर २०२४ अखेर विकत घ्यायची अ‍ॅप थांबली, मे २०२५ अखेर फुकटची, आणि ३० सप्टेंबर २०२५ ला सेवाच बंद. वेळ, पावलं, नोटिफिकेशन चालू राहतात, पण रीसेट केलं की बाहेरचं अ‍ॅप परत मिळत नाही. दुकानदार ‘चालतंय की’ म्हणेल, आज चालतंयही. तरी घेऊ नका.

आर८६० ते आर८९० हे आकडे दिसले तर ते वॉच ४ किंवा त्याचं क्लासिक. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेलं, १.५ जीबी रॅम, १६ जीबी स्टोरेज, आणि टायझेन सोडून गुगलच्या वेअर ओएस या सिस्टिमवर आलेलं सॅमसंगचं पहिलं घड्याळ. रंकाळ्याभोवतीची फेरी फोन घरी ठेवून मोजायची तर त्याचं स्वतःचं जीपीएस आहे. सॅमसंगनं याला चार पिढ्यांपर्यंतच्या अपग्रेडचा शब्द दिला होता. ती शिदोरी संपत आल्यात जमा आहे, म्हणजे भाव करताना ‘पुढं अपडेट येतील’ या आशेचे पैसे मोजायचे नाहीत. नव्या घड्याळाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त दिलं तर महागच पडलं.

दुकानातच सेटिंग्ज, अबाउट वॉच, सॉफ्टवेअर इन्फर्मेशन असं जाऊन बघा. वन यूआय वॉच (वेअर ओएसवर सॅमसंगनं चढवलेला साज) ५ किंवा त्यापुढचं हवं, म्हणजे आत वेअर ओएस ४ तरी असतं. हा आकडा दोन कारणांनी महत्त्वाचा. गुगलनं जानेवारी २०२६ पासून जुन्या पद्धतीचे वॉच फेस (पडद्यावरच्या तबकड्या) प्ले स्टोअरवरून बसवणं बंद ठरवलं, आणि नव्या पद्धतीच्या फेसना वेअर ओएस ४ लागतं. दुसरं, वेअर ओएस ३ वर फोन बदलला की घड्याळ पुसूनच नव्या फोनला जोडावं लागायचं. ४ पासून ती कटकट गेली. व्हर्जन जुनं दिसलं म्हणून लगेच नाही म्हणू नका. घड्याळ वायफायला जोडून, चार्जरवर ठेवून अपडेट करून मागा. ब्लूटूथवरून करायला गेलात तर दुकान बंद व्हायची वेळ येईल.

मग दुकानदाराकडून पूर्ण रीसेट करून घ्या आणि तिथंच उभं राहून स्वतःच्या फोनला जोडा. आयफोनवाल्यांनी या भानगडीत पडूच नये, वॉच ४ आयफोनला जोडलं जात नाही. अँड्रॉइडमध्येही सॅमसंगचा फोन नसेल तर ईसीजी मिळत नाही, कारण त्याचं हेल्थ मॉनिटर अ‍ॅप सॅमसंगच्या फोनवरच चालतं. शाओमी, विवो, ओप्पोवर नोटिफिकेशन मध्येच थांबली की घड्याळाला दोष दिला जातो. बहुतेक वेळा फोनच बॅटरी वाचवायला मागचं अ‍ॅप मारत असतो. घड्याळ जोडणारं फोनवरचं गॅलेक्सी वेअरेबल अ‍ॅप आणि त्याचं प्लगइन (सोबतचं जोड-अ‍ॅप), दोन्हींना ऑटोस्टार्ट द्या आणि बॅटरीचं बंधन काढा. एकालाच दिलं तर दुखणं तसंच राहतं.

बॅटरी हा खरा कच्चा दुवा. ४० मिमीत २४७ एमएएच, ४४ मिमीत ३६१, तीही वापरून थकलेली. त्यामुळं मोठंच घ्या. बॅटरी बदललेली असेल तर घड्याळ एकदा उघडलंय, आणि पाणी रोखणारं सील पहिल्यासारखं बसलंय याची खात्री कुणी देत नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात असं घड्याळ घालून मोटारसायकल चालवायची असेल तर नवी बॅटरी हा फायदा धरू नका, उलट त्यापोटी पैसे कमी करून घ्या.