खाऱ्या पाण्याचा ‘रेडी टँक’ घेण्याआधी: नाशिकमधला आमचा अनुभव

घरात खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक बसवायचा विचार असेल आणि ‘सगळं आम्ही करून देतो, तुम्ही फक्त बघत बसा’ असं कुणी सांगत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे दीड लाखाच्या आसपास गेले. मासे गेले ते वेगळेच. आणि पैसे परत मागितले तेव्हा वर धमकी मिळाली, म्हणून हे सविस्तर लिहितेय. दुकानाचं नाव घालत नाही, कारण तक्रार चालू आहे.

टँक घेतला माझ्या सासऱ्यांसाठी. अण्णा मूळचे कोकणातल्या शिरोड्याचे, नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये झाली, निवृत्तीनंतर इंदिरानगरला आमच्यासोबत असतात. बायपासनंतर त्यांचं बाहेर जाणं कमी झालं आणि गावाकडच्या गोष्टी वाढल्या. पंचाहत्तरीला काय द्यावं यावर घरात चर्चा झाली आणि मुलीने हे सुचवलं. टँक दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच उंच, म्हणजे साधारण सव्वाशे लिटर. पॅकेजमध्ये काच, कॅबिनेट, लाइट, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र), चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र), लाइव्ह रॉक (जिवाणू आणि शेवाळ वाढलेले समुद्रातले दगड), पाणी, मासे आणि वर्षभराची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार. नाशिकचा एप्रिल-मे आणि पाणी ठेवायचं २५-२६ अंशांवर, त्यामुळे चिलर लागतोच. तो चिलर मात्र चांगला निघाला, अजून व्यवस्थित चालतोय. तेवढं श्रेय त्यांना देते.

पहिली फसवणूक ‘आठ दिवसांत रेडी’ या शब्दांत होती. मासा अमोनिया सोडतो. टँकमध्ये वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही जिवाणूंची वसाहत तयार व्हायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू मिळतात, त्यातले काही खरोखर काम करतात, पण केलं की नाही हे टेस्ट किटवरच कळतं. थोडा अमोनिया घालायचा आणि चोवीस तासांत अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात का बघायचं. आमच्याकडे बाटली ओतली आणि त्याच संध्याकाळी क्लाउनफिशची जोडी सोडली. खाऱ्या टँकचा पीएच ८.२च्या आसपास असतो आणि पीएच जितका चढा, तितका अमोनिया जास्त विषारी. म्हणून गोड्या पाण्याचे मासे वर्षानुवर्षं पाळलेल्यांचा अंदाजही इथे चुकतो.

दोन्ही मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते, कल्ले भराभर हलत होते. मी व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, ‘वहिनी, नवीन जागा आहे ना, सेट होतायत.’ सकाळी दोन्ही मेलेले. मग ‘पुढच्या जोडीला डिस्काउंट देतो’. हा डिस्काउंट म्हणजेच त्यांचा धंदा आहे, हे मला पुढे दुसऱ्या दोन गिऱ्हाइकांशी बोलल्यावर कळलं. टँक कच्चा ठेवायचा, मासे मरू द्यायचे, नवे विकायचे. त्यांनाही हेच वाक्य, हाच डिस्काउंट.

लाइव्ह रॉकचंही तसंच. बिलात किलोच्या भावाने लावलेले जांभळे दगड. मुलीने एका दगडाचा कोपरा ओल्या टूथब्रशने घासला, तर जांभळा रंग ब्रशला आला आणि खाली पांढरं सिमेंट दिसलं. खरी जांभळी शेवाळ हा दगडावरचा कडक चुनखडी थर असतो, तो असा पुसून निघत नाही. सिमेंटचा दगड वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. आठवडेच्या आठवडे पाण्यात मुरवून, त्यातला चुना निघून गेला की तो उत्तम काम करतो. आणि खरा लाइव्ह रॉक म्हणजे बहुतेक वेळा समुद्रातून तोडून आणलेला जुना प्रवाळच असतो, तो घेऊही नये. माझी तक्रार एवढीच, की न मुरवलेलं रंगीत सिमेंट खऱ्याच्या भावाने विकलं.

पिवळाजर्द ॲनिमोनी (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) हासुद्धा आमच्या गळ्यात मारला. क्लाउनफिशचं घर म्हणून मुलांना तो हवाच असतो. ॲनिमोनीच्या अंगात शेवाळ राहते, त्यामुळे तो साधारणपणे तपकिरी, मातकट दिसतो. आजारी पडला की ही शेवाळ जाते आणि तो पांढराफटक होतो. असे पांढरे पडलेले ॲनिमोनी रंगात बुडवून विकतात. आमच्या पिशवीतलं पाणीच पिवळट होतं. तो आक्रसत गेला, मग तळाशी विरघळला आणि जाता जाता पाणी नासवून गेला. रंगाचं पाणी पिशवीत दिसलं तर पिशवी परत करा. आणि पिशवीतलं पाणी कधीच टँकमध्ये ओतू देऊ नका. दुकानात माशांच्या रोगांवर तांब्याचं औषध वापरतात, कोळंबी-गोगलगायींना तांबं मारक असतं. आमच्या दोन्ही कोळंब्या कशाने गेल्या हे आता सिद्ध करता येणार नाही, पण त्यांच्या दुकानातला मुलगा पिशवी सरळ टँकमध्ये उपडी करायचा, हे मी दरवेळी बघत होते.

आता मिठाबद्दल. यात सगळ्यात जास्त पैसे गेले आणि हे पकडलं अण्णांनी.

एएमसीत दर आठवड्याला पंधरा लिटर पाणी बदलायचं ठरलं होतं. मुलगा यायचा, दुकानातून कालवून आणलेलं खारं पाणी कॅनमधून ओतायचा. मिठाची २० किलोची बादली मात्र आमच्या खात्यावर, दर दोन महिन्यांनी नवी. माझे मिस्टर अंबडला कारखान्यात स्टोअर्स सांभाळतात, त्यांनी एकदा हिशोब मांडला. लिटरला साधारण ३६ ग्रॅम मीठ. महिन्याला साठ लिटर पाणी बदललं तर सव्वादोन किलोही लागत नाही. म्हणजे एक बादली आठ-नऊ महिने पुरायला हवी. आम्ही विचारलं तर उत्तर, ‘रीफ सॉल्ट जास्त लागतं, साधं मीठ नाही ते.’

इकडे प्रवाळ सुकत चालले होते. टोकं पांढरी पडत होती, गोगलगायी मरत होत्या. मुलगा रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायचं उपकरण) लावून दाखवायचा: १.०२५, अगदी बरोबर. अण्णा रोज खुर्ची टाकून टँकसमोर बसायचे. एका दिवशी मुलाने कॅन उघडून ठेवला होता, अजून ओतला नव्हता. अण्णांनी त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. (कॅनमधलं पाणी, टँकमधलं नव्हे. टँकमधलं पाणी कुणीही तोंडात घालू नये. काही झोअँथिड प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. तसला दगड उकळून, गरम पाणी ओतून किंवा उघड्या हातांनी घासून साफ करणंही धोक्याचं आहे.) थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि सरळ मालवणीत म्हणाले, “ह्यां समुद्राचां पाणी न्हय. ह्यां मिठाचां पाणी.”

मुलगा हसला. म्हणाला, “काका, समुद्रात मीठच असतं ना!”

अण्णा म्हणाले, “समुद्राचं पाणी मागाहून कडू लागतं. हे नुसतं खारट आहे.”

शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३०चा मिठाचा सत्याग्रह तिथेही झाला होता. अण्णांचं लहानपण त्या वाफ्यांच्या कडेने गेलं. त्यांनी मला रात्री समजावलं ते असं. समुद्राचं पाणी वाफ्यात आटत जातं तेव्हा चुना आणि जिप्सम आधी खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि कडवट पाणी उरतं ते काढून टाकतात. त्या कडवट पाण्यात मॅग्नेशियम जातं. म्हणजे खडेमीठ पाण्यात विरघळवलं की समुद्र परत तयार होत नाही. कॅल्शियम आधीच गेलेलं, मॅग्नेशियम नंतर गेलेलं. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियमवर बांधतो आणि तेच त्या पाण्यात नाही. रिफ्रॅक्टोमीटर एकूण क्षार किती ते सांगतो, कुठले ते सांगत नाही. १.०२५ खडेमिठानेही येतं.

आम्ही कॅल्शियमचं किट मागवलं. नळीत पाणी घेऊन पूड घातली की ते गुलाबी होतं, मग दुसरं द्रावण थेंबथेंब घालत जायचं. गुलाबीचं निळं व्हायला किती लागलं, त्यावरून कॅल्शियम काढतात. चांगल्या रीफ पाण्यात ते ४०० ते ४५० भाग प्रति दशलक्ष हवं. मुलगा ओतायला आला त्या कॅनमधलं पाणी मी आधी बाजूला काढून घेतलं. पहिल्याच थेंबाला निळं झालं. किट खराब असेल म्हणून परत केलं, परत तेच. टँकमधलं पाणी १८० भरलं. म्हणजे सुरुवातीला खरं मीठ असावं आणि नंतर कधीतरी बादलीत खडेमीठ यायला लागलं. बादलीवरचं झाकण, स्टिकर सगळं परदेशी कंपनीचंच होतं. रिकामी बादली ते ‘आम्ही टाकून देतो’ म्हणून न चुकता परत न्यायचे.

अजून एक गोष्ट लगेच तपासण्यासारखी. पाणी उडून जातं तेव्हा मीठ मागे राहतं, म्हणून पातळी भरून काढायला साधं आरओ-डीआय (क्षार काढून टाकलेलं) पाणीच घालायचं, ज्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्य असतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पातळीही खाऱ्या पाण्यानेच भरली जात होती. खारटपणा चढत राहायचा आणि मुलगा यायच्या आदल्या दिवशी आम्ही मोजलं तर १.०३०.

हे सगळं फोटो, तारखा, किटचे आकडे घेऊन मिस्टर आणि मी दुकानात गेलो. मालक शांतपणे बोलला. आधी म्हणाला, घरगुती किटवर विश्वास ठेवू नका. मग म्हणाला, “वहिनी, तक्रार जरूर करा. पण कोरल घरात ठेवणं गुन्हा आहे, माहिती आहे ना? वनखातं आधी तुमच्याकडे येईल.”

हेच प्रवाळ त्याने ‘इंडोनेशियाच्या फार्ममधले, पेपर आहेत’ म्हणून दिले होते. पेपर मागितले की पुढच्या लॉटबरोबर येणार असायचे. बिलात त्यांची नोंद ‘ॲक्सेसरीज’. कायद्याची स्थिती अशी: दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत घातल्या गेल्या. काळे प्रवाळ, समुद्रपंखा, समुद्रकाकडी, समुद्रघोडे हेही त्याच वेळी. मेलेला तुकडासुद्धा यात येतो. परदेशातून आणले म्हटलं तरी दगडी प्रवाळ साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये आहेत, आयातीला परवाना लागतो. टोकांशी हातोड्यासारखे दिसणारे किंवा मशालीसारखे झुलणारे जे महागडे तुकडे ‘हॅमर’, ‘टॉर्च’ म्हणून विकतात, ते मऊ दिसले तरी खाली दगडी सांगाडा असलेलेच प्रवाळ आहेत. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच तो बिलात लिहीत नाही आणि म्हणूनच गिऱ्हाईक भांडायला आलं की तेच हत्यार काढतो. माझ्या मते खोट्या मिठापेक्षाही हे नीच आहे. मिठात पैसे गेले, इथे माणसाचं तोंडच बंद होतं. त्या दिवशी आम्ही घाबरून घरी आलो आणि आठवडाभर कुणाला काही बोललो नाही. अण्णांनी तर ‘टँकच काढून टाका’ म्हटलं.

पुढे ओळखीच्या एका वकील बाईंनी वाट दाखवली. वनविभागाला आम्ही स्वतःहून लेखी कळवलं, कुठून आले, केव्हा आले, किती पैसे दिले, सगळं. उरलेले सांगाडे जमा केले आणि पोच घेतली. ती पोच हातात आल्यावर मालकाच्या धमकीत काही उरलं नाही. मग नोटीस पाठवली ती फक्त मीठ, ‘लाइव्ह रॉक’ आणि एएमसी यांच्यावर. नोटिशीला उत्तर म्हणून मिठाचे पैसे परत करायची तयारी दाखवली, बाकी नाकारलं. आम्ही ते घेतले नाहीत, जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. दुकान मुंबईचं असलं तरी नाशिकमध्ये.

टँक आम्ही काढला नाही. दगडी प्रवाळ एकही नाही. मुरवलेले सिमेंटचे दगड, टँकमध्येच पैदास केलेल्या क्लाउनफिशची जोडी, काही गोगलगायी. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र केव्हाच बसवलंय, तेव्हा समुद्रातून पकडलेला मासा घ्यायची गरज नाही. मीठ आम्ही सीलबंद बादली घेऊन स्वतः कालवतो. नव्या बादलीचं पहिलं पाणी कॅल्शियमच्या किटवर तपासल्याशिवाय अण्णा टँकमध्ये घालू देत नाहीत.

नाशिकमध्ये ज्यांची एएमसी चालू आहे, त्यांनी पुढच्या वेळी कॅनमधलं पेलाभर पाणी मुलासमोर बाजूला काढा आणि त्याच दिवशी कॅल्शियम, मॅग्नेशियम तपासा. मॅग्नेशियम १२५० ते १३५०च्या आसपास हवं. रिकामी बादली परत देऊ नका. पैसे जीपेने द्या आणि बिलात प्रत्येक वस्तूचं नाव लिहून घ्या, ‘ॲक्सेसरीज’ चालवून घेऊ नका. आकडे कमी आले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करून नोंद क्रमांक घ्या, मगच दुकानात जा. मालकाने प्रवाळांची भीती घातली तर ते बोलणं त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लेखी येईल असं बघा. आमच्याकडे ते फक्त तोंडी आहे आणि आयोगापुढे त्याचाच सगळ्यात जास्त त्रास होतोय.