प्रचाराची मतदार अ‍ॅप्स : बायकांच्या मताचा हिशेब कुठे चुकतो

महापालिका, नगरपरिषद किंवा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की उमेदवाराकडे मतदार अ‍ॅप विकणाऱ्यांची रांग लागते. ही अ‍ॅप्स आता इतकी सारखी झाली आहेत की नाव आणि रंग बदलला तरी आतलं सामान तेच असतं. नाव-आडनावावरून शोध, कुटुंबनिहाय यादी, समर्थक-विरोधक-काठावरचे असे हिरवे, लाल, पिवळे शिक्के, ब्लूटूथच्या छोट्या प्रिंटरवर निघणारी मतदार चिठ्ठी, व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठी, व्हॉइस कॉल, कार्यकर्त्यांची लॉगिन आणि मतदानाच्या दिवशीची नोंद. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या कंपनीचं नाही, या प्रकारच्या अ‍ॅपचं आहे. आणि त्यातही एकच प्रश्न धरला आहे : यादीतल्या जवळजवळ निम्म्या मतदार बायका आहेत, त्यांच्यापर्यंत पोचायला आणि त्यांचा कल समजून घ्यायला हे अ‍ॅप कितपत उपयोगी पडतं?

निकाल आधीच सांगतो. नाव शोधायला आणि चिठ्ठ्या काढायला अ‍ॅप जरूर घ्यावं, कागदी याद्यांवर काम करण्याचे दिवस गेले. मात्र त्यातला ‘महिला मतदार कल’ नावाचा अहवाल जसा येतो तसा वापरू नये. त्यात बायकांचा कल नसतो, त्यांच्या घरातल्या पुरुषांचा असतो. काही सेटिंग्ज बदलल्या आणि नोंदी घेण्याची पद्धत सुधारली, तर तेच अ‍ॅप बऱ्यापैकी खरं बोलू लागतं.

याला इतकं महत्त्व का? महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. मुंबई महापालिकेच्या २२७ पैकी ११४ जागा महिलांच्या. मतदार म्हणूनही बायका मागे राहिलेल्या नाहीत. विधानसभेला २०१९ मध्ये महिलांचं मतदान ५९.२६ टक्के होतं, २०२४ मध्ये ते ६५.२२ टक्क्यांवर गेलं. पुरुषांचं त्या वर्षी ६६.८४ टक्के होतं. मधल्या काळात एसटीत अर्धं तिकीट आलं, लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये आले, एका आघाडीने ते २१०० करण्याचं आणि दुसरीने ३००० देण्याचं वचन दिलं. सगळे पक्ष बायकांशी बोलू लागले, पण प्रभागातली प्रचारयंत्रणा अजून घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावानेच चालते. अ‍ॅपही त्याच सवयीवर बेतलेलं असतं.

सुरुवात यादी भरण्यापासून. मतदारयादीच्या पीडीएफ प्रतिमा असतात, त्यातला मजकूर यंत्राने वाचून अ‍ॅपमध्ये घेतात. या वाचनात शशिकला आणि शशिकांत, वय ३८ आणि ८८, अशी गल्लत होते. लिंगाचा रकाना नीट वाचला गेला नाही तर काही विक्रेते नावावरून अंदाजाने तो भरतात. किरण, शीतल, सुमन, ज्योती अशा नावांना हमखास चूक होते, मुस्लिम आणि परप्रांतीय नावांत तर जास्तच. तपासणी सोपी आहे. यादीच्या प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर पुरुष, महिला, तृतीयलिंगी आणि एकूण अशी संख्या छापलेली असते. अ‍ॅपमध्ये तो भाग निवडून लिंगाचा फिल्टर लावायचा आणि आकडे जुळवायचे. एकूण जुळतं पण महिला-पुरुष जुळत नाही, असं झालं तर लिंग अंदाजाने भरलंय हे नक्की समजावं. तृतीयलिंगी मतदार अ‍ॅपमध्ये शून्य दिसत असतील आणि यादीत नसतील तरच ठीक. अनेकदा रकान्यात दोनच पर्याय ठेवलेले असतात आणि ही नावं कुठल्यातरी बाजूला ढकलली जातात. विक्रेत्याला पूर्ण पैसे देण्याआधी किमान पाच भाग असे तपासावेत.

खरी मेख पुढे आहे. कुटुंबनिहाय यादी हे या अ‍ॅप्सचं सगळ्यात जास्त मिरवलं जाणारं वैशिष्ट्य. घर क्रमांक आणि आडनाव एक असेल तर एक कुटुंब, असं साधं गणित त्यामागे असतं. आई-वडील-मुलगा-सून अशा घराला ते लागू पडतं. पण नवऱ्यापासून वेगळी होऊन माहेरी राहणारी, यादीत सासरचं आडनाव असलेली बाई या गणितात त्या घराबाहेर पडते. भाड्याने राहणाऱ्या नोकरदार मुली, विधवा आजी आणि लेकीकडे राहणारी आई, यांची ‘एक सदस्याची कुटुंबं’ होतात. आणि कार्यकर्त्याला घरभेटीची यादी देताना अ‍ॅप मोठी कुटुंबं वर आणि एकेकटी नावं तळाला लावतं. दिवस मावळतो, यादीचा तळ राहून जातो. म्हणजे ज्या बायकांचं मत घरातल्या कुणाच्या सांगण्यावर अवलंबून नाही, नेमक्या त्यांच्याच दारात कुणी जात नाही. उपाय : ‘कुटुंबातील सदस्य = १’ असा फिल्टर लावून बायकांची वेगळी यादी काढायची आणि ती पहिल्या आठवड्यातच एखाद्या महिला कार्यकर्तीकडे सोपवायची. हा फिल्टर नसलेलं अ‍ॅप घेऊ नये.

लग्न होऊन आलेल्या मुलींचा प्रश्न वेगळा. त्यांचं नाव माहेरच्या यादीत तसंच राहतं, किंवा दोन्हीकडे असतं. अ‍ॅपच्या दुबार शोधात नाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव जुळवतात. बाईच्या बाबतीत दोन्ही बदललेलं असतं, त्यामुळे ती दुबार म्हणून सापडत नाही आणि स्थलांतरित म्हणूनही कळत नाही. पहिलं नाव, वय आणि ओळखपत्र क्रमांक यांवर शोध चालतो का ते विचारावं. पत्ता बदलण्यासाठी आणि दुरुस्तीसाठी नमुना ८ लागतो. पण तो निवडणूक जाहीर होण्याच्या कितीतरी आधी भरायला हवा, कारण स्थानिक निवडणुकीला राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या तारखेची विधानसभेची यादीच धरली जाते. प्रचाराच्या पंधरवड्यात ‘ताई, नाव लावून देतो’ असं आश्वासन कुणी देऊ नये.

आता रंग. कार्यकर्ता दारात जातो, घरचा पुरुष म्हणतो ‘आपलंच आहे सगळं’, आणि कार्यकर्ता ‘पूर्ण कुटुंब हिरवं’ हे बटण दाबतो. एका बोटाने पाच नोंदी होतात, त्यातल्या दोन-तीन बायकांच्या, ज्यांना कुणी विचारलेलंच नसतं. संध्याकाळी अहवालात दिसतं की महिलांमध्ये पाठिंबा पुरुषांइतकाच आहे. तसा तो दिसणारच, एकच उत्तर दोन रकान्यांत भरलं आहे. बहुतेक अ‍ॅप्समध्ये ॲडमिनच्या लॉगिनमधून हे बटण बंद करता येतं, ते पहिल्या दिवशी बंद करावं. त्याचबरोबर ‘कुणी सांगितलं’ असा रकाना जोडून घ्यावा : स्वतः, घरातल्या दुसऱ्याने, शेजाऱ्याने. अहवाल काढताना फक्त ‘स्वतः’ वाल्या नोंदी धराव्यात. आकडा लहान होतो, पण तो खरा असतो.

विचारण्याची वेळही ठरवून घ्यावी लागते. संध्याकाळी सात ते नऊ ही प्रचाराची आवडती वेळ, सगळे घरी असतात म्हणून. त्याच वेळी बाई ओट्याशी असते आणि बोलायला नवरा किंवा सासरे पुढे येतात. सकाळी अकरा ते दुपारी चारमध्ये, महिला कार्यकर्तीने, दोघीदोघींनी जाऊन घेतलेल्या नोंदी निराळ्या येतात. नोकरी करणाऱ्या बायका या वेळात भेटत नाहीत, त्यांच्यासाठी रविवार सकाळ ठेवावी. प्रश्न ‘कुणाला मत देणार’ असा थेट नको. पाणी किती वाजता येतं, नळाला कोण थांबतं, कचऱ्याची गाडी, रस्त्यावरचे दिवे, दवाखाना, शाळेबाहेरची वाहनं, यातलं सगळ्यात आधी काय सुटायला हवं हे विचारलं की बाई बोलते. अ‍ॅपमधला समस्यांचा रकाना बहुधा ‘रस्ते, पाणी, गटार, इतर’ एवढाच असतो. तो बदलून घ्यायला विक्रेत्याला अर्धा तास लागतो, पण सांगितल्याशिवाय कुणी बदलत नाही.

मोबाइल क्रमांकांबद्दल जपून. घरटी एकच नंबर घेतात, आणि अ‍ॅप तो सगळ्या सदस्यांपुढे चिकटवतं. मग ‘माझ्या भगिनींनो’ म्हणून पाठवलेला संदेश नवऱ्याच्या फोनवर चार वेळा वाजतो. मोबाइलच्या रकान्यावर यादी लावून एकाच नंबरवर किती नावं आहेत ते पाहावं. बायकांच्या नावापुढचे यातले नंबर काढून टाकावेत. योजनेच्या लाभार्थी बायकांची यादी जोडून देतो असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबवावं. ती माहिती शासनाकडे एका कामासाठी दिलेली असते, प्रचाराला वापरायची नसते. शिवाय बायकांचे नंबर, पत्ता, वय आणि ‘एकटी राहते’ अशी नोंद पन्नास कार्यकर्त्यांच्या फोनवर उघडी असणं हा थेट सुरक्षेचा प्रश्न आहे. कार्यकर्त्याच्या लॉगिनला त्याच्या भागापुरतीच यादी दिसावी, नंबर झाकलेला असावा, अ‍ॅपमधूनच कॉल जावा, एक्सेल काढण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा. या चारही गोष्टी प्रत्यक्ष फोनवर करून दाखवल्याशिवाय करार करू नये. आमच्या मते परीक्षणातला हा सगळ्यात कडक मुद्दा आहे.

व्हॉइस कॉल पॅकेजसोबत येतात. महिला उमेदवार असतानाही निवेदन पुरुषाच्या आवाजात, कधी तिच्या पतीच्याच आवाजात करण्याचा सल्ला विक्रेते देतात, ‘वजन पडतं’ म्हणून. या समजुतीला काही आधार आहे, पण तो कुठवर आहे हे पाहायला हवं. पश्चिम बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यात संशोधकांनी एकच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवलं. ज्या गावात कधी महिला प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, झालीच नव्हती तिथे पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे आरक्षणामुळे महिला प्रधान होऊन गेली होती तिथे हा फरक जवळपास उरला नाही. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रिखिल भावनानी यांनी मुंबईच्या प्रभागांवर दाखवून दिलं की आधीच्या निवडणुकीत महिलांसाठी राखीव असलेला प्रभाग खुला झाल्यावरही तिथून बाई निवडून येण्याची शक्यता इतर प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. म्हणजे मतदाराचा पूर्वग्रह अनुभवाने झिजतो. उमेदवाराचा आवाज झाकून ठेवला तर तो अनुभवच मिळत नाही. तेव्हा कॉल तिच्याच आवाजात, तीस सेकंदांच्या आत, नाव-प्रभाग-जागा-एक काम एवढाच करावा, आणि पाठवण्याआधी निवडणुकीच्या जाहिराती तपासणाऱ्या माध्यम प्रमाणन समितीकडून प्रमाणित करून घ्यावा.

बॅनरच्या तयार साच्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हात जोडलेली बाई खाली आणि पतीसह नेत्यांचे फोटो वर, हा साचा बदलून घ्या. नाव मात्र मतदान यंत्रावर जसं छापून येणार आहे तसंच हवं. माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव आणि हाकेचं नाव तीन बॅनरवर तीन तऱ्हेचं असेल तर मतदार यंत्रासमोर गोंधळतो.

बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि मतदाराने प्रत्येक जागेसाठी एक मत द्यायचं असतं. विधानसभेसाठी बनवलेलं अ‍ॅप एकाच उमेदवाराचा रंग ठेवतं. त्यामुळे ‘पॅनेलमधल्या पुरुषाला देऊ, बाईचं बघू’ असं म्हणणारा मतदार सरळ हिरवा होतो. महिला उमेदवाराचं मत कुठे गळतं ते शोधायचं असेल तर जागानिहाय रंग हवा.

चिठ्ठीचा भाग चांगला चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आणि छोट्या प्रिंटरवर केंद्र, खोली, अनुक्रमांक नीट येतो. मात्र उमेदवाराचा फोटो किंवा चिन्ह असलेली चिठ्ठी मतदाराला देऊ नये. आचारसंहितेनुसार ओळखचिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची असावी, तिच्यावर उमेदवाराचं नाव, पक्ष किंवा चिन्ह नको. सेटिंगमध्ये ‘साधी चिठ्ठी’ निवडावी आणि कार्यकर्त्यांना तो पर्याय बदलता येऊ नये.

मतदानानंतर ‘महिलांच्या मतांचं विश्लेषण’ म्हणून वेगळे पैसे मागितले जातात. ते देऊ नयेत. यंत्र मत मोजतं, मत देणाऱ्याचं लिंग त्याला माहीत नसतं. केंद्रनिहाय निकालात उमेदवारांची मतं मिळतात, त्यात स्त्री-पुरुष नसतात. लोकसभा-विधानसभेला केंद्रावरचा अधिकारी चिन्हांकित यादीत मतदान केलेल्या प्रत्येकाच्या नोंदीखाली रेघ मारतो आणि बाई असेल तर शेजारी बरोबरची खूणही करतो. त्यावरून किती बायका आल्या ते कळतं, कुणाला मत दिलं ते नाही. कुठल्या केंद्रावर महिला मतदान वाढलं आणि तिथे आपली मतं वाढली एवढी तुलना करता येते, आणि ती कुणीही घरबसल्या एक्सेलमध्ये करू शकतो.

व्यवहार करताना रक्कम तीन हप्त्यांत ठेवावी : यादीतले महिला-पुरुष आकडे जुळल्यावर पहिला, लॉगिनचे अधिकार दाखवल्यावर दुसरा, आणि मतमोजणीनंतर सगळी लॉगिन बंद करून गोळा केलेले मोबाइल क्रमांक सर्व्हरवरून पुसल्याचं लेखी दिल्यावर तिसरा.