फुरोसेमाइड की टोर्सेमाइड: म्हाताऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसातल्या पाण्यासाठी

हृदयाची झडप खराब झाल्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसांत पाणी साठते आहे हे एकदा निश्चित झाले आणि पिमोबेंडान (हृदयाला बळ देणारे औषध) सुरू झाले, की लघवी वाढवून हे पाणी काढणारी रोजची गोळी कोणती, फुरोसेमाइड की टोर्सेमाइड, हा प्रश्न उरतो. आमच्या पॉमेरियनला दोन्ही देऊन झाल्या आहेत.

फुरोसेमाइडची बाजू कमकुवत नाही. ते स्वस्त आहे, कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते, मात्रा थोडीथोडी वाढवता येते आणि मुख्य म्हणजे त्याचे इंजेक्शन आहे. अचानक धाप वाढून हिरड्या निळसर पडल्या, तर कोणत्याही गोळीच्या भरवशावर घरी थांबू नये. तेथे ऑक्सिजन आणि हे इंजेक्शनच लागते.

रोजच्या वापरात मात्र त्याचा अंमल साधारण सहा तासांत ओसरतो, म्हणून ते दिवसातून दोनतीनदा द्यावे लागते, आणि माझे मत फिरले ते रात्रीच्या मात्रेमुळे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. गोळी दिल्यावर तासाभरात त्याला लघवी लागे. पण जन्मभर घर स्वच्छ राखलेला हा कुत्रा अंथरलेल्या वर्तमानपत्राकडे पाठ करून दाराशी बसे आणि नखांनी उंबरा खरवडत राही. उचलून न्यावे तर पोटाछातीवर दाब येऊन श्वास वाढे, चालवावे तर येताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून तो खोकत असे. धाप घालवणारी गोळीच मध्यरात्री धाप लावत होती.

टोर्सेमाइड पुष्कळदा दिवसातून एकदा पुरते. सकाळी दिले की लघवीचा जोर संध्याकाळपर्यंत सरतो. आमच्याकडे रात्री शांत झाल्या आणि झोपेतले श्वास मिनिटाला ३० च्या आत राहिले. माझे मोजमाप एवढेच.

त्याची किंमतही आहे. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम पाहिले तर ते फुरोसेमाइडपेक्षा सुमारे १० ते २० पट जोरकस आहे, त्यामुळे आपल्या हिशेबाने गोळीला गोळी बदलणे धोक्याचे. ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे चार भाग करताना एक तरी भाग भुगा होतो. शिवाय माणसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन हे लघवीचे दुसरे औषध मिसळलेल्या टोर्सेमाइडच्या गोळ्याही मिळतात, तेव्हा पाकिटावरचे बारीक अक्षर वाचूनच घ्यावी. बदलानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम तपासणे टाळू नये, आणि पाण्याचे भांडे कधीही उचलून ठेवू नये.

घर तळमजल्यावर असेल आणि कमी मात्रेतल्या फुरोसेमाइडवर कुत्रा शांत झोपत असेल, तर बदलाची घाई मी करणार नाही. मूत्रपिंडे आधीच थकली असतील तर मुळीच नाही. पण जिना आणि जागरण दोन्ही वाट्याला आले असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे टोर्सेमाइडचा विषय जरूर काढावा आणि जाताना झोपेतल्या श्वासांची आठवडाभराची नोंद सोबत न्यावी, कारण मात्रा ठरवताना ते पहिल्यांदा तीच मागतील.