थाळीफेकपटू राहिलेल्या सरांचा प्रशिक्षणवर्ग: तीन महिन्यांनंतर

निवृत्त थाळीफेकपटूने चालवलेल्या या प्रशिक्षणवर्गाला मी तीन महिने गेलो. पहिले तीन आठवडे हातात थाळी मिळत नाही, हे नाव नोंदवताना कोणी सांगितले असते, तर माझी चिडचिड वाचली असती. २.५ मीटर व्यासाच्या वर्तुळात फेकीच्या दिशेला पाठ करून उभे राहायचे, रिकाम्या हाताने दीड गिरकी घ्यायची आणि थांबल्यावर पुढचा पाय कुठे टेकला ते खाली पाहायचे, एवढाच तो सराव.

यामागचे कारण सरांच्या कारकिर्दीत आहे. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी २ किलोची थाळी निव्वळ खांद्याच्या जोरावर फेकली आणि त्याच खांद्याने त्यांना मैदानाबाहेर बसवले. फेक पायांतून सुरू होते आणि हात शेवटी येतो, हे पुरते उमगले तेव्हा खेळायचे दिवस सरले होते. म्हणून त्यांच्या वर्गात तो धडा सर्वांत आधी येतो.

थाळी मिळाल्यावरही ती आधी फेकायची नव्हती, जमिनीवर सोडायची होती. चाकासारखी सरळ घरंगळत गेली, तर ती तर्जनीवरून नीट सुटली; डगमगून आडवी पडली, तर बोटे चुकली. माझी पन्नासेक वेळा आडवी पडली आणि प्रत्येक वेळी सरांनी ती स्वतः उचलून आणून दिली. वाऱ्याबद्दल त्यांचे सांगणे ऐकण्यासारखे असते. समोरचा वारा थाळीला उचलून धरतो, हे नवख्याला पटत नाही. पण लिथुआनियाचा थाळीफेकपटू मिकोलास अलेक्ना याने २०२५ मध्ये ७५.५६ मीटरचा विश्वविक्रम केला, तो अमेरिकेतल्या रामोना येथील, वाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या मैदानावरच. अशा वेळी थाळीची पुढची कड किंचित खाली ठेवायला सरांनी शिकवले.

मुख्य उणीव अशी की, मी डावखुरा आहे आणि सरांची सर्व प्रात्यक्षिके उजव्या हाताची. त्यांची गिरकी मनात उलटी करून घेण्यातच माझे निम्मे लक्ष जाई. तक्रार केल्यावर त्यांनी डाव्या हाताने करून दाखवण्याचा प्रयत्न केला, तोल जाऊन पाऊल वर्तुळाबाहेर पडले आणि सर्वांआधी तेच हसले. पुढच्या आठवड्यापासून मात्र ते स्वतःच्या फेकीचे चित्रीकरण मोबाइलवर उलटवून मला देऊ लागले. वजनांच्या व्यायामाची सोय येथे नाही, ती बाहेर पाहावी लागते. पुढील तीन महिन्यांचे शुल्क मी भरले आहे.