नौपाड्यातल्या क्लिनिकमध्ये केसांसाठी पीआरपी: चार सिटिंगनंतर काय झालं ते

माझा भांग रुंद झालाय हे आधी आईला कळलं, मला नाही. मागच्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गजरा माळत होती, दोनदा पिन घसरली, तिसऱ्यांदा म्हणाली अगं लावू कशाला, धरायला केसच नाहीत. रात्री बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली मान वाकवून मोबाइलवर फोटो काढला तर खरंच मध्ये गुलाबी पट्टा, पुढे अजून पसरट. वय ४१.

आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो आणि घोडबंदर रोडवर कुणाचेही केस गळले की खापर टँकरच्या पाण्यावर. मीपण तेच केलं. शॉवरला लावायचा फिल्टर आणला, मग कांद्याचा रस (सासूबाई दोन दिवस माझ्याशी लांबूनच बोलत होत्या), मग बायोटिनच्या गोळ्या, असे सहा महिने घालवले आणि मग ऑफिसातल्या मैत्रिणीने नौपाड्यातलं हे क्लिनिक सांगितलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि मला कुणाशी भांडण नकोय.

आधी चांगलं. डॉक्टर. एमडी डर्मा, बोलायला तुटक, पण पहिल्या भेटीत बाईंनी पीआरपीचं (प्लेटलेट रिच प्लाझ्मा, आपल्याच रक्तातून काढून डोक्यात टोचतात, पुढे नीट सांगते) नावसुद्धा काढलं नाही. डर्मोस्कोप म्हणून एक छोटं यंत्र भांगावर टेकवलं आणि स्क्रीनवर दाखवलं, एक केस जाड, त्याच्या शेजारचा अगदी लोकरीच्या धाग्यासारखा बारीक. म्हणाल्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण भांग असा रुंद होत नाही, याला फिमेल पॅटर्न म्हणतात, मुळापाशीच केस बारीक होत चाललाय. मग ब्लड टेस्ट लिहून दिल्या, सीबीसी, थायरॉइड, फेरिटिन, व्हिटॅमिन डी, बी१२. माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, निघालं ११, कमी. "आधी लोह भरा, मग बघू" एवढंच बोलल्या आणि तीन महिने आयर्नच्या गोळ्या नि रोज रात्री डोक्याला लावायचं केसवाढीचं औषध, मिनॉक्सिडिल. मिनॉक्सिडिलने सुरुवातीचे काही आठवडे केस उलट जास्त गळतात हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून, नाहीतर बाटली थेट कचऱ्यात गेली असती.

तीन महिन्यांनी त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, पीआरपी चार सिटिंग, महिन्याच्या अंतराने. आणि मला बाहेरच्या केबिनमधल्या काउन्सेलरकडे पाठवलं. ही मुलगी आठच्या पॅकेजवरच बसली होती. लॅपटॉपवर बिफोर-आफ्टरचे फोटो, बिफोरमध्ये सगळ्यांचे केस ओले आणि आफ्टरमध्ये ब्लो ड्राय केलेले, अहो आम्हाला काय डोळे नाहीत का. मग म्हणे पीआरपी जुनं झालं मॅडम, जीएफसी (ग्रोथ फॅक्टर कॉन्सन्ट्रेट, तेही आपल्याच रक्तातून काढतात) घ्या, पैसे दुप्पट, आजच बुक केलं तर डिस्काउंट. मी म्हटलं डॉक्टरांनी चार लिहिलेत, चारच. एका सिटिंगचे ५५०० आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे चारचे २५,९६०. साध्या आजारपणाच्या उपचारावर जीएसटी नसतो पण दिसण्यासाठी केलेल्यावर लागतो हे मला बिल हातात आल्यावर कळलं. मेडिक्लेमकडूनही काही मिळत नाही, विचारून झालंय.

आता पीआरपी म्हणजे काय ते, कारण मलाही माहीत नव्हतं. प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे डेंग्यूमुळे घरोघरी पोचलाय, पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतोच, ह्यांच्या ४० हजारावर आल्यात, पपईची पानं कुणाकडे आहेत का. तर त्याच प्लेटलेट. रक्त गोठवणं हे त्यांचं काम, पण जखम भरून यायला लागणारे ग्रोथ फॅक्टर्सही त्यांच्यातच साठवलेले असतात, म्हणून आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट एकत्र करून केसांच्या मुळांशी टोचायच्या. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारण दीड ते साडेचार लाख असतात, त्या तीन ते पाच पट व्हायला हव्यात. मेख इथेच आहे. ताक ठेवून दिलं की वर निवळ येते बघा, तसं मशीनमध्ये फिरवल्यावर ट्यूबमध्ये खाली लाल, वर पिवळी निवळ म्हणजे प्लाझ्मा आणि मधे पांढुरकी एक बारीक रेघ. प्लेटलेट त्या रेघेच्या आसपास जास्त. कुणी नुसती वरची निवळ सिरिंजमध्ये भरून टोचली तर तो नुसता प्लाझ्माच झाला की, रिच कसला. इथे दोनदा फिरवतात, आधी हळू म्हणजे लाल पेशी खाली बसतात, मग पिवळा भाग वेगळ्या ट्यूबमध्ये काढून जोरात, आणि वरचा पातळ भाग टाकून देऊन तळाचा ठेवतात. २० मिली रक्तातून जेमतेम तीन मिली हाताला लागतं. त्यामुळे दीड-दोन हजारात पंधरा मिनिटांत पीआरपी अशी जाहिरात दिसली तर फोन करून एवढंच विचारा की किती वेळा फिरवता.

प्रत्यक्ष दिवस. आदल्या रात्री केस धुवायचे, पोटभर खाऊन जायचं, आणि आठवडाभर आधीपासून कॉम्बिफ्लॅमसारख्या पेनकिलर बंद कारण त्या प्लेटलेटचं कामच मंदावतात. मी अकराच्या अपॉइंटमेंटला साडेनऊला घरून निघाले आणि मानपाड्याला अर्धा तास मेट्रोच्या खांबांकडे बघत बसले, हाही खर्चात धरा. पहिल्या वेळी नुसता बर्फ आणि कंप देणारं एक यंत्र शेजारी धरून टोचलं. भांगावर ठीक होतं, पण कपाळाच्या कडेला आणि कानशिलाकडे डोळ्यांतून पाणी. मी मोजत होते, ४३ नंतर सोडून दिलं. दुखण्यापेक्षा मला तो आवाज लक्षात राहिलाय, सुई शिरताना डोक्यात आतून करकर ऐकू येतं, बाहेर कुणाला काही नाही. पुढच्या वेळेपासून कपाळावर भुलीची इंजेक्शनं मागून घेतली, ती चार-पाच दुखतात, मग बाकीचं कळत नाही. तुम्हीपण मागा, स्वतःहून विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळ सुजून भुवयांपर्यंत उतरलेलं, नवरा म्हणाला कुणाशी मारामारी केलीस. दोन दिवसांत उतरलं.

आता तक्रार. दुसऱ्या सिटिंगला ट्रेमध्ये दोन ट्यूब होत्या, एक माझी आणि एक शेजारच्या खोलीतल्या कुणाची, आणि दोन्हींवर नाव नाही. विचारलं तर असिस्टंट म्हणाला मॅडम तुमची डावीकडची. डावीकडची म्हणजे काय? अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एका स्पामध्ये चेहऱ्याच्या पीआरपी फेशियलमधून बायकांना एचआयव्ही झालाय, २०१८ मध्ये तो स्पा बंद केला, तपासात बिननावाच्या रक्ताच्या ट्यूब स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये खाण्याबरोबर सापडल्या होत्या. इथे तसं काही होतं असं मी म्हणत नाही, सुया तर माझ्यासमोर फोडल्या. पण मी ट्यूब टाकून द्यायला लावली आणि परत रक्त दिलं, डॉक्टर स्वतः येऊन सॉरी म्हणाल्या, तेव्हापासून रक्त काढायच्या आधी माझ्यासमोर स्टिकर लागतो. तिसऱ्या वेळी मागची बाजू असिस्टंटनेच टोचायला घेतली होती, तेही थांबवलं. पैसे डॉक्टरांच्या हाताचे दिलेत.

फरक? पहिले तीन महिने काही म्हणजे काही नाही, आणि ते साहजिक आहे, केस महिन्याला वाढतो जेमतेम एक सेंटिमीटर. चौथ्या सिटिंगनंतर आंघोळीच्या जाळीवरचा गोळा लहान झाला. मग स्क्रीनवर तीच जागा परत बघितली, ते लोकरीसारखे केस जाड झालेत, भांगाचा पट्टा अर्ध्यावर आलाय. कानशिलापाशी मात्र जिथे पार मोकळं झालं होतं तिथे शून्य. मूळ शिल्लक असेल तर ते जोर धरतं, नसेल तर पीआरपी कुठून आणणार. आणि खरं सांगायचं तर यात लोहाचं श्रेय किती, मिनॉक्सिडिलचं किती नि या २६ हजारांचं किती हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या एकटं पीआरपी मी कुणाला देतच नाही. अमेरिकेतसुद्धा केसांसाठी याला एफडीएची (औषधांना परवानगी देणारं तिथलं सरकारी खातं) मंजुरी नाही, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेले असतील तर विषयच नको.

ऐरोलीच्या नणंदेने वाशीला चेहऱ्यावर केलं, बारीक सुयांचं यंत्र फिरवून वर प्लाझ्मा. तीन दिवस टोमॅटो. पिंपल्सचे खड्डे थोडे भरलेत असं ती म्हणते, मला जवळून बघितल्यावर वाटतं थोडे, लांबून नाही.

यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला आईने मोगऱ्याचा गजरा एकाच पिनेत बसवला आणि काही न बोलता पुढच्या बाईला कुंकू लावायला गेली. मी मागे हात लावून दोनदा बघितलं.

आता सहा महिन्यांनी मेंटेनन्सची सिटिंग आहे, ती आली नेमकी गौरी जेवणाच्या आदल्या दिवशी. रिसेप्शनला सांगितलं कपाळ सुजवून सवाष्णींना वाढू का, तारीख बदला. बदलून दिली, पण नवीन रेटने. ६००० अधिक जीएसटी.